न विचारता नेलेली वार

टेकडीवरच्या मिशन हॉस्पिटलात बाळंतपणाच्या वॉर्डाला लांब व्हरांडा आहे. त्याच्या टोकाच्या खोलीत पूर्वी मोडक्या खाटा टाकून ठेवत. तीन वर्षांपूर्वी त्या खोलीला रंग लागला, खिडकीला जाळी बसली, आत दोन मोठे फ्रीझर आले आणि दारावर इंग्रजीतली पाटी लागली. वॉर्डातल्या बायका तिला मलेरियाची खोली म्हणायच्या. गरोदर बाईला मलेरिया झाला की त्याचे किडे वारेत दडून बसतात, बाळ वाळतं, कधी पोटातच जातं. त्याचा अभ्यास तिथं चालायचा. पैसा परदेशातल्या विद्यापीठाचा, डॉक्टर इथलेच.

सिस्टर अपोंडी या वॉर्डात सव्वीस वर्षं होती. सरोवराकाठच्या निम्म्या गावांतली पोरं पहिल्यांदा रडली ती तिच्या हातांत. बाई कडक, कळा देताना कुणी उगाच ओरडली तर म्हणायची, "आवाज तोंडातून काढू नकोस, बाळ काही तिथून येणार नाहीये." पण ती ड्यूटीवर आहे म्हटलं की बायकांचा जीव भांड्यात पडायचा.

खोली सुरू झाली त्या आठवड्यात मेट्रननं तिला बोलावून सांगितलं होतं, "वार पडली की निळ्या बादलीत टाकायची आणि त्या खोलीत द्यायची. नातेवाइकांनी विचारलं तर सांगायचं, खड्ड्यात टाकली, जाळली. स्वच्छतेचा नियम आहे म्हणायचं."

"आणि त्या मागायला आल्या तर? आजवर पिशवीत घालून देत होतो आपण."

"म्हणून तर नियम म्हणायचं. नियमाशी कोण भांडतं?"

अपोंडीला ते खटकलं, नाही असं नाही. या मुलखात 'तू मूळचा कुठला' असं विचारायचं झालं तर 'तुझी वार कुठं पुरलीय' असंच विचारतात. घराच्या भिंतीलगत सासू खड्डा खणते, वार मातीत जाते, आणि ते लेकरू त्या घराचं होतं. पण मलेरियानं गेलेली बाळंही अपोंडीनंच फडक्यात गुंडाळली होती. काम चांगलं आहे, तिनं मनाशी म्हटलं, आणि निळी बादली उचलली. दाखल होताना बायकांना जो इंग्रजी कागद देत, त्यात अगदी तळाला, तपासणीनंतर उरलेलं अभ्यासासाठी वापरलं जाईल अशी एक ओळ घुसवली होती. ती ओळ तिनं कुणाला वाचून दाखवली नाही. शाईत बुडवलेले अंगठे मात्र तिनंच धरून टेकवले. प्रत्येक वारेला नंबर असायचा आणि तो जन्माच्या वहीत आईच्या नावापुढं तीच लिहायची. तीन वर्षं ती खोटं बोलली, आणि ते तिच्या तोंडी इतकं बसलं की बोलताना नजरही खाली जात नव्हती.

मग अलुओच आली. किनाऱ्यावरच्या उसारे गावात ओमेना नावाची बारीक मासळी वाळवायला पसरणारी, हाडकुळी, विशीतली. दोन बाळंतपणं झाली होती आणि दोन्ही मुलं गेली होती. ही तिसरी खेप. तिच्याबरोबर सासू होती. उयोमाची लेक म्हणून तिला सगळे न्यार उयोमा म्हणत. लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी बाईला माहेरचं नाव सुटत नाही तिकडं. म्हातारीनं बरोबर नवं कोरं मडकं आणलं होतं. ते मांडीशी धरून ती वॉर्डाच्या दाराबाहेर बसली आणि बोलेना की खाईना.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मुलगी झाली. जिवंत, अंगानं भरलेली, रडकी. अपोंडीनं बातमी सांगितली तेव्हा म्हातारी हसलीही नाही. तिनं मडकं पुढं केलं.

"वार दे."

"आई, ती खड्ड्यात गेली. जाळतात इथं. नियम आहे."

"कुठला खड्डा?"

"मागं आहे."

"चल, दाखव."

आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. बायका हळहळायच्या, पुटपुटायच्या, निघून जायच्या. अपोंडी म्हणाली, "आई, तिकडं धूर आहे, घाण आहे."

"पन्नास वर्षं मी चुलीपुढं बसतेय. धुराचं मला काय सांगतेस?"

म्हातारी उठून चालायला लागली, तेव्हा अपोंडीला मागं जाणं भाग पडलं. स्वयंपाकघराच्या पाठीमागं विटांनी बांधलेला खड्डा होता आणि तिथं ओचोला नावाचा माणूस काठीनं राख ढवळत होता. म्हातारीनं त्याला विचारलं, "दादा, आज सकाळी वार आली का रे इथं? आमच्या सुनेची."

ओचोला सरळ माणूस. त्याला कुणी काही पढवलेलं नव्हतं. तो म्हणाला, "वार? तीन वर्षांत एक नाही आली, आई. कापूस येतो, हातमोजे येतात. वारा त्या टोकाच्या खोलीत जातात ना. सिस्टरच नेतात."

म्हातारी अपोंडीकडं वळली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं, असं अपोंडीला पुढं कितीदा वाटलं. म्हातारी शांतपणे म्हणाली, "तू खोटं बोललीस ते कळलं. ते झालं. आता जा आणि माझ्या नातीचं जे आहे ते घेऊन ये. मी इथंच आहे."

मलेरियाच्या खोलीत डॉक्टर ओगोला काम करत होता. पस्तिशीचा, हुशार, बोलायला गोड. तोही इथलाच, कादिमोकडचा, शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून आलेला. अपोंडी आत आली तेव्हा तो नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता.

"अकराशे सत्तेचाळीस," ती म्हणाली. "सकाळची. ती परत हवी आहे."

तो हसला. "सिस्टर, ती कापून झाली. दोन तुकडे बरणीत, चार नळ्यांत. बाकीची फ्रीझरमध्ये."

"मग बाकीची दे. आणि ते सहा तुकडेही."

"असं कसं देऊ? प्रकल्पाची मालमत्ता आहे ती."

"प्रकल्प बाळंत झाला होता का सकाळी?"

त्याचं हसू मावळलं. "तुम्हाला माहीत आहे इथं काय चाललंय. गरोदर बायकांना आता तीनदा गोळ्या देतात ना? त्या इथल्या आकड्यांवरून ठरल्या. हे फेकायचंच असतं, सिस्टर. फेकायच्या वस्तूसाठी कुणाला काय विचारायचं?"

"ती म्हातारी तिकडं मडकं घेऊन बसलीय. फेकायला आणलंय का तिनं मडकं?"

अपोंडीनं स्वतःच फ्रीझर उघडला, नंबर बघून पिशवी काढली आणि ॲप्रनखाली धरून बाहेर पडली. तो दारात आडवा आला होता, पण सव्वीस वर्षं अडलेल्या बायकांच्या नवऱ्यांना दारातून हटवणाऱ्या बाईपुढं तो काय टिकणार. तो बाजूला झाला आणि मागून म्हणाला, "मला हे कळवावं लागेल."

"कळव."

तिला वाटलं होतं, पिशवी दिली की मिटलं. म्हातारीनं ती हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला आणि परत केली.

"सगळी आहे?"

खोटं बोलायची ताकद अपोंडीत उरली नव्हती. "नाही. सहा तुकडे त्यांच्याकडं आहेत. परदेशी पाठवतात."

"मग ही ठेव तुझ्याजवळ. मी माझ्या नातीची निम्मी वार पुरून निम्मी कुणा परक्याच्या कपाटात ठेवणार नाही. माझे दोन नातू गेले. ही जगायला आलीय. हिला मी एका जागची करणार, दोन जागची नाही." अपोंडीनं पिशवी परत फ्रीझरमध्ये ठेवली आणि म्हातारी वॉर्डाच्या दारात पुन्हा ठाण मांडून बसली. अलुओचनं आतून हाक मारली, "आई, जाऊ या ना घरी. कशाला त्यांच्याशी वैर." म्हातारी म्हणाली, "तू पेज पी. दूध येऊ दे. भांडायला मी आहे."

ती दोन दिवस तिथंच होती. रात्री भिंतीला टेकून झोपायची. रखवालदारानं एकदा हटकलं, तेव्हा तिनं त्याच्या आईचं नाव विचारलं. परत तो फिरकला नाही.

गुरुवारी लसीकरण असतं. आसपासच्या गावांच्या बायका पोरं पाठीशी बांधून येतात आणि वजनकाट्यापुढं रांग लागते. काट्यावर अपोंडी होती. म्हातारीला ओलांडूनच ती आत आली होती. पहिली बाई पुढं आली, बाळ काट्याच्या झोळीत घातलं, आणि अपोंडी वजन लिहिता लिहिता खालच्या आवाजात म्हणाली, "तुझी वार खड्ड्यात गेली नव्हती. त्या टोकाच्या खोलीत नेली होती, अभ्यासासाठी, तुला न विचारता. मी तुला खोटं सांगितलं होतं."

बाईनं विचारलं, "काय म्हणालात?"

अपोंडीनं पुन्हा सांगितलं. मग दुसरीला सांगितलं. मग तिसरीला. जन्माची वही तिनं शेजारी उघडी ठेवली होती. जिला हवा तिला ती तिचा नंबर दाखवत होती.

एक पचकन थुंकली, अगदी तिच्या पायाशी. एक हसत सुटली. "माझ्या वारेत काय बघायचंय मेल्यांना, नवऱ्याचे गुण?" रांगेत हशा पिकला. एकीनं शांतपणे बाळ उचललं आणि म्हणाली, "सिस्टर, तुमच्या हातावर माझी तीन पोरं झाली. तुमच्याकडून हे यायला नको होतं." ते थुंकण्यापेक्षा लागलं. पण अपोंडी थांबली नाही.

अकराच्या सुमारास अवुओर आली. तिच्या पाठीवर बहिणीचं पोर होतं. तिचं स्वतःचं गेल्या वर्षी जन्मून चौथ्या दिवशी गेलं होतं. तिनं सगळं ऐकलं, नंबर बघितला, आणि जे कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मग त्यांनी माझी वार तपासली. त्यात काय निघालं?"

"मला माहीत नाही."

"पण लिहून तर ठेवलं असेल."

"असेल."

"म्हणजे माझा मुलगा कशानं गेला ते त्या खोलीत वर्षभर लिहून पडलंय. आणि माझी सासू गावभर सांगत फिरतेय की हिनं बाहेरचं काही खाल्लं, म्हणून पोर गेलं." तिचा आवाज चढला नाही. "चला, विचारू या त्यांना."

ती रांग सोडून व्हरांड्याच्या टोकाला निघाली. तिच्यामागं दोघी गेल्या, मग दहा, मग रांगच वळली. डॉक्टर ओगोलानं आतून कडी लावली. बायका दारापुढं बसल्या. पोरं रडत होती, कुणी पाजत होती, कुणी दारावर थापा मारत होती. न्यार उयोमा मडकं घेऊन त्यांच्यात येऊन बसली आणि पहिल्यांदा कुणीतरी दिलेली पेज प्यायली.

दुपारी मेट्रननं अपोंडीला कामावरून थांबवलं. "तुला कळतंय का तू काय केलंस? हे लोक फ्रीझर उचलून निघून जातील. औषधं जातील. मग मेलेल्या पोरांचं पाप कुणाच्या माथी?"

"गेली तीन वर्षं खोटं कुणाच्या माथी होतं, मेट्रन? माझ्या. पापही दे माझ्याच माथी. सवय झालीय."

पुढच्या बुधवारी सभा ठरली. परदेशातून प्राध्यापकबाई आल्या, उंच, पांढऱ्या केसांच्या, उन्हानं लाल झालेल्या. हॉस्पिटलपुढच्या आंब्याखाली खुर्च्या मांडल्या. खुर्च्यांवर पाहुणे बसले आणि गवतावर दीडशे बायका. काहींचे नवरेही आले होते, मागं उभे. अपोंडीला कुणी बोलावलं नव्हतं. ती ॲप्रन न घालता, चर्चला जायच्या कपड्यांत आली आणि बायकांत बसली. दोघीतिघींनी जागा दिली. एक जण सरकून दूर बसली.

प्राध्यापकबाई इंग्रजीत बोलल्या आणि ओगोला भाषांतर करत गेला. त्या म्हणाल्या, हे काम हजारो बाळांसाठी आहे, आणि काही गैरसमज झाला असेल तर त्यांना वाईट वाटतं. ओगोला म्हणाला, "मॅडमना खूप वाईट वाटतंय. त्या माफी मागतात."

अपोंडी उभी राहिली. "डॉक्टर, त्या माफी मागत नाहीयेत. गैरसमज म्हणाल्या त्या. मला इंग्रजी येतं. गैरसमज झाला कुणाचा? या बायकांना सांगितलं जाळली, त्या समजल्या जाळली. त्यांची समज बरोबरच होती. खोटं होतं ते सांगणं."

बायकांत हुंकार उठला. प्राध्यापकबाईंनी ओगोलाकडं वाकून काय झालं ते विचारलं. अपोंडीनं तेच पुन्हा इंग्रजीत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, बायकांना आधी विचारून सही घेतात, असंच त्यांच्या कागदोपत्री लिहिलेलं आहे.

"अंगठे मी घेतले," अपोंडी म्हणाली. "वाचून दाखवलं नाही. मला वरून सांगितलं होतं वाचून दाखवू नकोस, आणि मी ऐकलं. माझी चूक मी काट्यापाशी उभी राहून प्रत्येकीला सांगितलीय. आता तुमची पाळी."

ओगोलाला राहवलं नाही. तो उठला. "मी सांगतो. मीही इथलाच आहे. विचारलं असतं तर निम्म्या बायका नाही म्हणाल्या असत्या. सासवा नाही म्हणाल्या असत्या. मग कुठला अभ्यास आणि कुठल्या गोळ्या? गेल्या वर्षी या वॉर्डात किती कमी बाळं दगावली, ते सिस्टरच सांगतील."

"सांगते," अपोंडी म्हणाली. "खूप कमी दगावली. तू खोटं बोलत नाहीयेस. गोळ्या चांगल्या आहेत, काम चांगलं आहे. पण तू म्हणतोस नाही म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलं नाही. अरे, नकार येऊ शकतो म्हणूनच तर विचारायचं असतं. ज्याला कुणी नाही म्हणूच शकत नाही, त्याला विचारणं म्हणत नाहीत."

मागून न्यार उयोमाचा आवाज आला. "डॉक्टरसाहेब, तुमची वार कुठं पुरलीय?"

ओगोलानं हा प्रश्न शेकडो वेळा ऐकला असेल, लग्नकार्यात, मयताला, मटाटू बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडून.

"कादिमोला. आईच्या घराशेजारी."

"कुणी पुरली?"

"आजीनं."

"तिला कुणी सांगितलं असतं की जाळली, तर?"

तो खुर्चीवर बसला आणि नंतरच्या सगळ्या सभेत त्यानं भाषांतर केलं ते शब्दाला शब्द.

बायकांनी तीन गोष्टी मागितल्या आणि अवुओरनं त्या उभं राहून सांगितल्या. जे इथं आहे ते जिचं तिला परत द्या. जे बाहेर गेलंय ते मागवा. आणि आमच्या वारेत काय दिसलं ते आम्हाला, आमच्या भाषेत, आमच्या तोंडावर सांगा. "हे तिन्ही झाल्यावर," ती म्हणाली, "पुन्हा हवी असेल तर विचारा. मी कदाचित हो म्हणेन. पण विचारा."

फ्रीझर शनिवारी उघडले. सव्वातीनशे बायकांना त्यांचं मिळालं. त्या आपापल्या घरी गेल्या आणि जिनं तिनं आपली पुरली. काहींनी पास्टरला बोलावलं, काहींनी नाही. न्यार उयोमाला पिशवी आणि सहाही तुकडे मिळाले. तुकड्यांची परदेशी जायची पेटी अजून विमानतळावर गेली नव्हती. तिनं बरणी आणि एकेक नळी उजेडात धरून तुकडे मोजले आणि मडक्याचं तोंड केळीच्या पानानं बांधलं. ती नातीला उचलून, सुनेला बरोबर घेऊन टेकडी उतरली. अपोंडीला तिनं निरोपाचं काही म्हटलं नाही.

आधीच्या आठशेच्या वर बायकांचं सगळंच परदेशी गेलं होतं. प्राध्यापकबाईंनी शब्द दिला आणि पाळलाही, जमेल तेवढा. सव्वा वर्षानं दोन पेट्या आल्या. बाकीचं कापून, विरघळवून, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगशाळांना वाटून संपलं होतं. त्या बायकांकडं पुरायला काही नाही. त्यांतल्या काही दरवर्षी पत्र पाठवतात. उत्तर येतं, वार येत नाही.

अवुओरचा निकाल ओगोलानं स्वतः तिच्या घरी जाऊन सांगितला. वारेत मलेरिया होता, भरपूर. ते तिनं त्याच्याकडून सासूसमोर दोनदा म्हणवून घेतलं. सासू उठून चुलीकडं गेली. अवुओर ओगोलाला म्हणाली, "चहा घेऊन जा."

खोली पुन्हा सुरू झाली, आता दारावर धोलुओतली, म्हणजे इथल्या भाषेतली, पाटी आहे आणि कागद वाचून दाखवतात. पहिल्या वीस बायकांत अकरा हो म्हणाल्या, नऊ नाही म्हणाल्या. ओगोलाचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

अपोंडीला मात्र परत घेतलं नाही. तिला पत्र आलं की तिनं रुग्णांची गोपनीय माहिती फोडली. ती पत्र घेऊन मेट्रनच्या टेबलापुढं उभी राहिली.

"कुणाची माहिती कुणाला दिली मी? ज्या बाईची तिलाच ना?"

"मी काय करू, अपोंडी? वरून आलंय. चूक झाली असं लिहून दे, मी शब्द टाकते."

अपोंडीनं तिथंच पेन मागून घेतलं आणि पत्राच्या पाठीवर लिहिलं: माझी चूक तीन वर्षांची आहे आणि ती या पत्रात नाही. जी या पत्रात आहे ती माझी चूक नव्हे. खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद मेट्रनपुढं सरकवला.

आता ती उसारेच्या पलीकडच्या दवाखान्यात आहे. एक खोली, दोन खाटा, दिवा कधी असतो कधी नसतो. बाळंतपणाला लांबून बायका येतात. काही येत नाहीत. तीन पोरं तिच्या हातावर झालेली ती बाई बाजारात समोरून आली तर रस्ता ओलांडून जाते. अपोंडी तिला हाक मारत नाही आणि नजरही चुकवत नाही. वार पडली की ती आईला उशीवर टेकवून बसवते, ताट पुढं धरते आणि विचारते, "ही तुझी. काय करायचं?"